न झालेल्या गोष्टींचा सत्कार

आमच्या अण्णांच्या पाठीला काही झालं नाही. या आठवड्यात माझ्याकडे सांगण्यासारखी मोठी बातमी हीच.

अण्णा एक्क्याऐंशी वर्षांचे. न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मग छातीत कफ भरला आणि मुक्काम लांबला. तेवीस दिवस ते इस्पितळाच्या कॉटवर होते. घरी आणल्यावर आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी अण्णांना हळूच कुशीवर वळवलं, सदरा वर केला, माकडहाडाजवळची कातडी बोटाने दाबून पाहिली, मग टाचा पाहिल्या. म्हणाल्या, ‘‘कोणी बघितलं यांच्याकडे?’’

मी इस्पितळाचं नाव सांगितलं.

‘‘इस्पितळाचं नाही विचारत. माणसाचं विचारतेय.’’

मला नाव सांगता आलं नाही. तेवीस दिवस मी त्या बाईंना मावशी म्हणत होतो.

इस्पितळात सगळी नाती असतात. सिस्टर, ब्रदर, मावशी, मामा. आडनाव फक्त डॉक्टरांना असतं. दारावर, कोटावर, केस पेपरवर, बिलावर, सगळीकडे. बाकीच्यांना आपण नात्याने हाक मारतो आणि त्यातच आपली कृतज्ञता संपवून टाकतो. मावशी म्हटलं की नाव विचारायची गरज उरत नाही. सख्ख्या मावशीचं नाव तरी आपल्याला ठाऊक असतं.

या मावशी काय करत होत्या, ते मी रोज पाहिलं. दर दोन तासांनी अण्णांना वळवायचं. एकदा डाव्या कुशीकडे, एकदा पाठीवर. मोडलेल्या बाजूला नाही. वळवताना दोन पायांच्या मध्ये उशी, नाहीतर नवा खुबा निखळायचा. पोटरीखाली घडी केलेला टॉवेल, म्हणजे टाच गादीला टेकत नाही. डायपर ओला झाला की लगेच बदलायचा, पाठ कोरडी करायची, क्रीम लावायचं. आणि चादर ताणायची. एकदा मी म्हटलं, ‘‘राहू द्या हो मावशी, नीट आहे चादर.’’ त्यांनी माझा हात धरून चादरीखालच्या सुरकुतीवर ठेवला. ‘‘ही एक पुरते,’’ म्हणाल्या. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी असते. रात्रभर एक सुरकुती रुतली तर सकाळी लाल चट्टा, चार दिवसांत फोड, पंधरा दिवसांत जखम. त्या जखमेतून जंतू रक्तात शिरतात आणि माणूस जातो. मृत्यूच्या दाखल्यावर मग कारण वेगळंच लिहिलेलं असतं.

यातलं काहीच झालं नाही. आणि काहीच झालं नाही म्हणून कोणाच्या लक्षातही आलं नाही.

त्याच इस्पितळात तळमजल्यावर लिफ्टशेजारी एक काचेची चौकट आहे. ‘महिन्याचे मानकरी.’ फोटो, नाव, हुद्दा, खाली दोन ओळी कौतुकाच्या. तेवीस दिवसांत महिना बदलला, त्यामुळे मला दोन मानकरी पाहायला मिळाले. एक बिलिंगचे अधिकारी, दुसऱ्या स्वागतकक्षातल्या बाई. दोघंही कष्टाळू असतील, दोघांचंही अभिनंदन. पण दोघंही दिसणाऱ्या जागी बसतात. ज्यांच्या खुर्चीसमोरून व्यवस्थापनाची रोज ये-जा होते, त्यांचा फोटो चौकटीत जातो. पहाटे साडेतीनला पाचव्या मजल्यावर कोण कोणाला वळवतंय, हे पाहायला त्या वेळी कोणी येत नाही.

घरी जाताना अभिप्रायाचा कागद हातात दिला. डॉक्टर, नर्सिंग, जेवण, बिलिंग, स्वच्छता. प्रत्येकासमोर पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. मी विचारलं, मावशींबद्दल कुठे लिहायचं? काउंटरवरची मुलगी विचारात पडली. ‘‘स्वच्छतेत लिहा, सर.’’ म्हणजे फरशी आणि मावशी एका रकान्यात. मग मी त्यांचं पूर्ण नाव विचारलं. तिने संगणकात पाहिलं, पुन्हा पाहिलं. ‘‘त्या आमच्या स्टाफमध्ये नाहीत. एजन्सीच्या आहेत.’’

तर मावशींना मानकरी करायचं कोणाच्या मनात आलं असतं, तरी करता आलं नसतं. यादीतच नाव नाही. इस्पितळाच्या गौरवाची पहिली अट इस्पितळाची नोकरी, आणि ती त्यांना कोणी दिलेलीच नाही. माझी तक्रार लिफ्टशेजारच्या चौकटीबद्दल नाही, या यादीबद्दल आहे.

फ्लोरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५९ च्या त्यांच्या पुस्तकात स्पष्ट लिहून ठेवलं आहे की रुग्णाला अशी जखम, म्हणजे बेडसोअर, झाला तर दोष बहुधा आजाराचा नसतो, शुश्रूषेचा असतो. आपण ते वाक्य दोष द्यायला छान वापरतो. बेडसोअर झाला की चौकशी होते, मेमो निघतो, नातेवाईक आवाज चढवतात. पण त्याच वाक्याचा दुसरा अर्धा भाग आपण वाचतच नाही. झाला तर शुश्रूषेचा दोष असेल, तर न झाल्याचं श्रेय कोणाचं?

याचं सगळ्यात मोठं उत्तर परळला आहे. केईएम रुग्णालय, वॉर्ड नंबर चार. २७ नोव्हेंबर १९७३ च्या रात्री अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. गळा साखळीने आवळला गेला, मेंदूचा प्राणवायूपुरवठा तुटला. त्या कधी पूर्ण शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेल्या. मधली साडेएकेचाळीस वर्षं केईएमच्या परिचारिकांनी आणि आयांनी त्यांना सांभाळलं. भरवलं, अंग पुसलं, वळवलं. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, तीही निवृत्तीला टेकली. १९८० च्या दशकात महापालिकेने अरुणाताईंना दुसरीकडे हलवायचं ठरवलं, तेव्हा परिचारिका उभ्या राहिल्या आणि ते होऊ दिलं नाही. इच्छामरणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा रुग्णालयाने न्यायालयाला सांगितलं की इतक्या वर्षांत एकही बेडसोअर झालेला नाही.

एकही नाही. मी तेवीस दिवसांच्या हिशेबाने हे मोजून पाहिलं आणि माझं डोकं चालेनासं झालं. दर दोन तासांनी म्हणजे दिवसाला बारा वेळा, वर्षाला चार हजारांवर, आणि अशी एकेचाळीस वर्षं.

७ मार्च २०११ च्या निकालात न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ग्यानसुधा मिश्रा यांनी या कर्मचाऱ्यांचं मनापासून कौतुक केलं. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट त्याच निकालात पुढे आहे. अरुणाताईंचं जवळचं माणूस कोण, त्यांच्या वतीने बोलायचा हक्क कोणाचा, हा प्रश्न होता. न्यायालयाने म्हटलं, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. याचिका त्यांनी केली नव्हती, अरुणाताईंवरचं पुस्तक त्यांनी लिहिलं नव्हतं. त्यांनी रोज वळवलं होतं. ज्याचा हात पाठीला लागतो, त्याचा शब्द ऐकायचा, असा त्याचा सरळ अर्थ. एवढा मोठा सत्कार या देशात कुठल्या कर्मचाऱ्यांच्या वाट्याला आल्याचं मला ठाऊक नाही. त्यात शाल नव्हती, श्रीफळ नव्हतं. मत विचारात घेतलं गेलं, एवढंच. इस्पितळांनी आपल्या मावशींना मत कधी विचारलं आहे?

योगायोग बघा. १९७३ हेच राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार सुरू झाल्याचं वर्ष. राष्ट्रपतींच्या हस्ते देशभरातल्या निवडक परिचारिकांना तो दिला जातो. पदक, प्रशस्तिपत्र, आणि आता एक लाख रुपये. २०२४ मध्ये पंधरा जणींना आणि जणांना मिळाला. डोंगराळ भागात, पाड्यांवर आयुष्य घालवलेल्या एएनएम परिचारिकाही त्यात असतात, आणि त्यांचा फोटो राष्ट्रपतींबरोबर पाहिला की मला खरोखर भरून येतं. हा पुरस्कार हवाच. माझं म्हणणं इतकंच की वर्षाला पंधरा जणांचं नाव घेऊन बाकीच्या लाखोंचं देणं फिटत नाही.

ते देणं काय आहे, हे सर्वोच्च न्यायालयानेच विचारून घेतलं होतं. २९ जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. समितीने खासगी इस्पितळांतल्या परिचारिकांच्या पगाराबद्दल साध्या, कोणालाही कळतील अशा शिफारशी केल्या. दोनशेपेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार. शंभर ते दोनशे खाटा असतील तर फार तर दहा टक्के कमी. पन्नास ते शंभरला फार तर पंचवीस टक्के कमी. पन्नासपेक्षा छोटं इस्पितळ असलं तरी महिना वीस हजारांच्या खाली नाही. केरळात परिचारिका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा तिथल्या सरकारने २०१८ मध्ये वीस हजारांची किमान पातळी अधिसूचना काढून लागू केली. आपल्याकडे १२ मेचा परिचारिका दिन जवळ आला की हॉलमध्ये मेणबत्त्या लावतात, शपथ म्हणतात, केक कापतात. मेणबत्ती लावा, जरूर लावा. त्याच संध्याकाळी पगारपत्रक काढून या आकड्यांशेजारी ठेवा. खाटा मोजायला दहा मिनिटं लागतात.

दुसरं देणं माणसांचं. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक. अण्णांच्या वॉर्डात रात्री मी मोजलं. अठ्ठावीस खाटा, दोन सिस्टर. त्यातली एक नुकतीच कॉलेजातून आलेली, हातात ट्रे घेऊन पळत होती. रात्री अडीचला मी तिला म्हटलं, जरा बसा. म्हणाली, ‘‘बसले तर ओव्हर देताना नोटिंग राहील.’’ नोंदी अपुऱ्या राहिल्या तर सकाळच्या सिस्टर तिला सोडणार नाहीत, आणि त्याही बरोबरच. अशा मुलीला महिन्याची मानकरी करून काय साधणार? तिला शेजारी तीन सिस्टर द्या.

‘देवदूत’ हा शब्द तर मला आता ऐकवत नाही. कोरोनाच्या साथीत, ३ मे २०२० ला, हेलिकॉप्टरमधून इस्पितळांवर फुलं टाकली गेली. मीही गॅलरीत उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या, आणि मनापासून वाजवल्या होत्या. पण देवदूताला भाडं भरावं लागत नाही. देवदूताच्या मुलांची फी नसते. एकदा माणसाला देवदूत म्हटलं की त्याने पगाराबद्दल तोंड उघडलं तर आपल्यालाच विटाळ वाटायला लागतो. ‘सेवेत पैसा कसला बघता?’ हे वाक्य मी स्वतः उच्चारलेलं आहे, संपावरच्या परिचारिकांबद्दल, काही वर्षांपूर्वी. ते वाक्य मी आज मागे घेतो.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे ड्युटीवर होत्या. दारावरचे दोन पहारेकरी मारले गेले, अतिरेकी जिना चढत होते. अंजलीताईंनी वॉर्डाची दारं लावली, दिवे मालवले आणि वीस गरोदर बायकांना छोट्याशा पॅन्ट्रीत हलवलं. एकीला कळा सुरू झाल्या, तिला भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिकक्षापर्यंत नेलं. त्या वॉर्डातली एकही बाई दगावली नाही. पुढे त्यांनी हल्लेखोर कसाबला ओळखलं, कोर्टात साक्ष दिली, २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्या रात्रीबद्दल बोलल्या. हे नाव देशाला कळलं, याचा मला अभिमान वाटतो. तरी एक लक्षात घ्या. त्या रात्री गोळ्या चालल्या म्हणून आपण वळून पाहिलं. गोळ्या चालत नाहीत त्या रात्रीही त्याच वॉर्डात कोणीतरी वीस बायकांवर लक्ष ठेवून असतंच.

मग कौतुक करायचं तरी कसं? अमेरिकेतल्या एका कुटुंबाने यातली एक गोष्ट अचूक ओळखली. पॅट्रिक बार्न्स नावाचा तेहतीस वर्षांचा माणूस १९९९ मध्ये रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडाने गेला. इस्पितळात आठ आठवडे होता, अन्न जात नव्हतं. एके दिवशी वडिलांनी आणलेल्या दालचिनीच्या गोड रोलचा त्याने घास घेतला, आवडला, आणि म्हणाला, उद्या माझ्यासाठी आणा आणि नर्सेससाठीही आणा. तो गेल्यावर घरच्यांनी त्याच्या आठवणीत डेझी पुरस्कार सुरू केला. आता तो अनेक देशांतल्या हजारो इस्पितळांत दिला जातो. त्यासोबत झिंबाब्वेच्या कारागिरांनी हाताने कोरलेली एक छोटी दगडी मूर्ती मिळते आणि वॉर्डात सगळ्यांना दालचिनीचे रोल वाटतात. मला त्यातली एकच गोष्ट उचलावीशी वाटते. नाव रुग्ण आणि नातेवाईक सुचवतात, काय केलं ते स्वतःच्या शब्दांत लिहून. कॉटशेजारच्या स्टुलावर बसलेल्या माणसाने जे पाहिलं, ते तिथे ग्राह्य धरतात.

ते स्टूल आपल्याकडेही आहे. प्रत्येक कॉटशेजारी आहे. त्यावर बसलेला माणूस रात्रभर सगळं बघत असतो आणि सकाळी घरी जाताना पाच चेहऱ्यांपैकी एकावर टिक करून निघून जातो.

सरकारी इस्पितळांसाठी २०१५ पासून कायाकल्प योजना आहे, स्वच्छतेचे पुरस्कार. पहिल्या आलेल्या जिल्हा रुग्णालयाला पन्नास लाख मिळतात, आणि त्यातला चौथा हिस्सा तिथल्या माणसांना प्रोत्साहन म्हणून द्यावा असं योजनेतच लिहिलं आहे. उत्तम नियम आहे. पुरस्कार घेतलेल्या प्रत्येक इस्पितळाच्या प्रमुखांना मी एकच विचारीन. फरशी पुसणारी बाई ठेकेदाराची होती म्हणून तिचा वाटा कापला का? कापला असेल तर तो पुरस्कार अर्धा चोरीचा आहे.

आता मावशींचं सांगतो आणि थांबतो.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी पत्र लिहिलं. एक पान. विशेषणं काढून टाकली, कामं ठेवली. उशी, टॉवेल, चादरीची सुरकुती, पहाटे साडेतीन. डॉक्टरीणबाईंनी खाली स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या, अण्णांच्या पाठीची तपासणी केल्याच्या. दुपारी चारला मी पाचव्या मजल्यावर गेलो. मावशी लिननच्या खोलीत चादरी मोजत होत्या. मी आधी नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, आडनावासकट, आणि विचारलं, ‘‘काय चुकलं का?’’

चुकलं का! नाव विचारलं की चूक निघते, हा त्यांचा आजवरचा अनुभव.

मी त्यांच्यासमोर मोकळ्या जागेत नाव लिहिलं आणि पत्र हातात दिलं. त्यांनी ओठ हलवत सगळं वाचलं. मग कागद उलटून मागची बाजू पाहिली.

‘‘शिक्का नाही याच्यावर?’’

‘‘शिक्का कशाला?’’

‘‘एजन्सीवाला बिनशिक्क्याचा कागद मानत नाही. मागच्या वेळी एका ताईंनी दिलेला, त्याने बाजूला ठेवला.’’

आम्ही दोघं तळमजल्यावर गेलो. कर्मचारी विभागातल्या साहेबांनी पत्र वाचलं, चांगलं आहे म्हणाले, परत दिलं. ‘‘या आमच्या पगारपत्रकावर नाहीत. आम्ही शिक्का कसा मारणार?’’ मी वाद घातला. ते नियम सांगत राहिले. मावशी माझी बाही ओढून म्हणाल्या, चला दादा, राहू दे.

परत वर आलो. इनचार्ज सिस्टर औषधांचं कपाट लावत होत्या. काय झालं ते मी सांगितलं. त्यांनी पत्र घेतलं, उभ्याउभ्याच पूर्ण वाचलं, टेबलाच्या खणातून वॉर्डाचा शिक्का काढला, शाईच्या पॅडवर दोनदा आपटला आणि पत्राच्या खाली, अगदी मधोमध मारला. शेजारी सही केली, तारीख घातली. मग वर कोपऱ्यात, मावशींच्या नावाच्या डाव्या बाजूला, लहान अक्षरात ‘श्रीमती’ लिहिलं.

मावशींनी शाईवर फुंकर घातली. कागदाची घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवली, पिशवी खुंटीला लावली आणि घड्याळाकडे पाहिलं. सहा नंबरच्या आजींना वळवायची वेळ झाली होती.